शॉर्टकटच्या याद्यांनी सहायकांचा वेळ वाचत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कार्यालयीन सहायकांसाठी ‘वेळ वाचवणारे पन्नास शॉर्टकट’ अशा धर्तीचा मजकूर पुरवण्यांतून अधूनमधून येत असतो. त्यात चुकीचे काही नसते. पण ज्याचा दिवस पत्रे, याद्या, बैठका आणि मेल यांत जातो, त्याचा वेळ माऊसकडे हात नेण्यात फारसा जात नाही. तो जातो गेलेले पत्र दुरुस्त करून पुन्हा पाठवण्यात, बेरजा का जुळत नाहीत ते शोधण्यात आणि ‘या यादीला हात कोणी लावला’ या चौकशीत. बऱ्याचदा हात कोणीच लावलेला नसतो. सॉफ्टवेअरने परस्पर एक अंदाज बांधलेला असतो आणि तसे केल्याचे कुणाला सांगितलेले नसते. हे अंदाज नेमके कुठे बांधले जातात, ते सहायकांना कुणी शिकवत नाही. म्हणून हे पत्र.

सुरुवात एक्सेलपासून, कारण सर्वाधिक घोळ तिथेच. रिकाम्या सेलमध्ये ३/७ असा फाइल क्रमांक टाइप करून एंटर दाबा. तारीख उमटते. संगणकाची प्रादेशिक सेटिंग जशी असेल त्याप्रमाणे ३ जुलै किंवा ७ मार्च. मग घाईघाईने सेलचा फॉरमॅट ‘टेक्स्ट’ केला की पंचेचाळीस हजारांच्या पुढचा एक अगम्य आकडा दिसतो आणि मूळ ३/७ काही परत येत नाही. एक्सेलच्या पोटात तारीख अशी नसतेच. असतो तो दिवसांचा अनुक्रमांक, १ जानेवारी १९०० हा दिवस १ धरून मोजलेला. १ जानेवारी २०२४ म्हणजे ४५२९२. त्यामुळे इलाज टाइप करण्याच्या आधीच करावा लागतो. आख्खा रकाना निवडावा, कंट्रोल + १ दाबावे, ‘टेक्स्ट’ निवडावे आणि मगच नोंदी सुरू कराव्यात. एखाद्याच सेलचा प्रश्न असेल तर सुरुवातीला एकेरी अवतरणचिन्ह टाकले तरी भागते, ते छपाईत येत नाही. हे दुखणे इतके जुनाट आहे की मानवी जनुकांची नावे ठरवणाऱ्या समितीने २०२० मध्ये ‘मार्च’ आणि ‘सेप्ट’ अशी सुरुवात असलेल्या जनुकांची नावेच बदलून टाकली. एक्सेल बदलण्यापेक्षा विज्ञानातली नावे बदलणे सोपे पडले! मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये २०२३ पासून फाइल, ऑप्शन्स, डेटा या ठिकाणी आपोआप होणारी काही रूपांतरे बंद करायची सोय आहे. तिचा उपयोग सुरुवातीची शून्ये आणि लांबलचक क्रमांक वाचवायला होतो. ३/७ मात्र तिथेही सुटत नाही, त्याला आधी टेक्स्टच करावे लागते.

आवक-जावक नोंदवहीत आजची तारीख टाकायला कुणी ‘टुडे’ हे सूत्र वापरले असेल तर दुसऱ्या दिवशी फाइल उघडल्यावर कालची सगळी पत्रे आज आलेली दिसतात. ते सूत्र दररोज नवी तारीख दाखवते. नोंदीसाठी कंट्रोल + सेमीकोलन दाबावे, म्हणजे तारीख तिथेच गोठते. वर्षही चार अंकी लिहावे. दोन अंकी लिहिल्यास ते कोणत्या शतकातले हे संगणकाच्या सेटिंगवर ठरते. बऱ्याच संगणकांवर २९ पर्यंतचे वर्ष एक्सेल २००० नंतरचे धरते आणि ३० पासूनचे १९०० नंतरचे. करार २०३५ मध्ये संपणार म्हणून ‘३५’ लिहिले, तर तो १९३५ मध्येच संपलेला निघू शकतो.

दुसऱ्या प्रणालीतून आलेल्या सीएसव्ही फाइलचे (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या मजकूर फाइलचे) प्रकरण जास्त फसवे आहे. त्या फाइलमध्ये महिना आधी आणि दिवस नंतर असेल, आणि आपल्या संगणकावर दिवस आधी असेल, तर डबल-क्लिक करून उघडताक्षणी तारखांची अदलाबदल होते. ४ मेची ५ एप्रिल होते. कुठलीही सूचना येत नाही. मधला आकडा १२ पेक्षा मोठा असला की मात्र एक्सेलला त्याची तारीख करता येत नाही, ते तो मजकूर म्हणून सोडून देते. ओळखायची खूण सोपी आहे. रकान्यातल्या काही तारखा उजव्या कडेला आणि काही डाव्या कडेला चिकटलेल्या दिसतात. डाव्या बाजूच्या निदान मूळ रूपात शाबूत आहेत, उजव्या बाजूच्या उलटलेल्या आहेत. अशा वेळी उजवीकडच्या तारखा हाताने दुरुस्त करत बसू नये. फाइल सेव्ह न करता बंद करावी, कोरे एक्सेल उघडून डेटा टॅबवरच्या ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’मधून ती आणावी आणि ‘डेटा टाइप डिटेक्शन’च्या खिडकीत ओळखूच नये असा पर्याय निवडावा. मग सगळे रकाने मजकूर म्हणून जसेच्या तसे येतात. त्यानंतर तारखेचा रकाना निवडून ‘टेक्स्ट टू कॉलम्स’च्या तिसऱ्या पायरीवर महिना-दिवस-वर्ष हा क्रम सांगितला की तारखा बरोबर बसतात. सुरुवातीची शून्ये असलेले दूरध्वनी आणि कर्मचारी क्रमांकही याच वाटेने वाचतात.

लांब क्रमांकांची गत वेगळी. एक्सेल आकड्याचे पहिले १५ अंकच सांभाळते. १६ अंकी क्रमांक टाइप केला की शेवटच्या अंकाचे शून्य होते आणि रकाना रुंद केला, फॉरमॅट बदलला, तरी तो अंक परत येत नाही. इथेही आधी टेक्स्ट. पण एवढ्याने सुटका होत नाही. दुबार नोंदी शोधायला ‘काउंटइफ’ वापरले की ते टेक्स्टमधल्या क्रमांकांनाही पुन्हा आकडे समजते आणि पहिले १५ अंक सारखे असलेले दोन वेगळे क्रमांक दुबार ठरवते. सूत्रात शोधायच्या क्रमांकाला अँपरसँडने (&) अवतरणातले तारकाचिन्ह जोडले की ते त्याला मजकूर म्हणून पाहते आणि ही चूक टळते.

दोन याद्या जुळवताना ‘व्हीलूकअप’ वापरतात. त्याच्या कंसातली चौथी जागा रिकामी सोडली तर एक्सेल ‘साधारण जुळणारे चालेल’ असे गृहीत धरते. यादी चढत्या क्रमाने लावलेली नसेल तर ते शेजारच्याच माणसाची रक्कम बिनदिक्कत आणून ठेवते. चूक दाखवणारा संदेश आला तर निदान कळते तरी. इथे उत्तर येते आणि तेच घातक. चौथ्या जागी ‘फॉल्स’ लिहायची सवय हातात बसली पाहिजे. नव्या आवृत्तीत ‘एक्सलूकअप’ आहे, ते मुळातच तंतोतंत जुळणी करते. कधी उलटेही होते. नाव दोन्ही याद्यांत डोळ्यांना दिसते, पण सूत्राला सापडत नाही. संशय नावाच्या शेवटी राहिलेल्या मोकळ्या जागेवर घ्यावा. ‘लेन’ या सूत्राने दोन्ही नावांतली अक्षरे मोजली की फरक कळतो. ‘ट्रिम’ने ती जागा निघते. वेब पानावरून चिकटवलेल्या मजकुरात मात्र तशीच दिसणारी वेगळी जागा असते. तिचा संकेतांक १६० आहे आणि ‘ट्रिम’ तिला हात लावत नाही. आधी ‘सब्स्टिट्यूट’ने संकेतांक १६० च्या जागी साधी मोकळी जागा घालावी, मग ‘ट्रिम’ करावे.

फिल्टर लावून दिसणाऱ्या ओळींची बेरीज ‘सम’ने केली तर लपलेल्या ओळीही त्यात धरल्या जातात. खालच्या पट्टीवर दिसणारी बेरीज आणि सेलमधली बेरीज वेगळी दिसली की हेच झाले असे समजावे. ‘सबटोटल’ वापरून पहिल्या जागी १०९ लिहावे. मग फिल्टरने झाकलेल्या आणि हाताने लपवलेल्या अशा दोन्ही ओळी वगळल्या जातात. फिल्टर केलेली यादी कॉपी करण्याआधी आल्ट + सेमीकोलन दाबले की फक्त दिसणाऱ्या ओळी निवडल्या जातात. चिकटवताना जास्त जपावे, कारण फिल्टर लावलेल्या यादीत अनेक ओळी एकदम चिकटवल्या तर त्यांतल्या काही लपलेल्या ओळींवर जाऊन बसू शकतात. एकच रकाना निवडून क्रम लावताना एक्सेल ‘निवड वाढवू का’ असे विचारते. तिथे ‘नको’ म्हटले की नावे हलतात, रकमा जागच्या जागी राहतात. आणि शीर्षक मधोमध दिसावे म्हणून सेल एकत्र करण्याची हौस सोडावी. अशा यादीत क्रम लावता येत नाही. कंट्रोल + १, अलाइनमेंट, ‘सेंटर अक्रॉस सिलेक्शन’ यातून दिसायला तेच मिळते आणि सेल सुटे राहतात. यादी तयार झाली की पहिल्याच दिवशी कंट्रोल + टी दाबून तिचे टेबल करावे. नवी ओळ लिहिली की सूत्रे आपोआप खाली उतरतात आणि क्रम लावताना आख्खी ओळ एकत्र हलते.

जुन्या एक्सएलएस प्रकारच्या फाइलमध्ये ६५,५३६ ओळी मावतात, आजच्या एक्सएलएसएक्समध्ये १०,४८,५७६. हा फरक नुसता पाठांतराचा नाही. २०२० च्या शरद ऋतूत इंग्लंडमध्ये करोनाचे १५,८४१ रुग्ण रोजच्या आकडेवारीतून सुटले. जुन्या प्रकारच्या फाइलमधल्या ओळी संपल्या होत्या आणि उरलेली माहिती गुपचूप गळाली होती. कार्यालयातले जुने नमुने अजून एक्सएलएसमध्ये असतील तर ते एकदाच ‘सेव्ह अ‍ॅज’ करून नव्या प्रकारात न्यावेत.

आता मेल मर्ज, म्हणजे यादीतली नावे-पत्ते एकाच मसुद्यात आपोआप भरून प्रत्येकासाठी वेगळे पत्र काढण्याची वर्डमधली सोय. दोनशे पत्रे काढायची वेळ आली की याच्याएवढे उपयोगी काही नाही, आणि दोनशे पत्रांत एकच चूक दोनशे वेळा छापण्याची सोयही यातच आहे. तयारी एक्सेलमध्ये होते. पहिल्या ओळीत रकान्यांची नावे, वर सजावटीचे शीर्षक नाही, मध्ये रिकामी ओळ नाही, नाव आणि आडनाव वेगवेगळ्या रकान्यांत, पत्त्याची प्रत्येक ओळ स्वतंत्र. फाइल सेव्ह करून बंद करावी. वर्डमध्ये मेलिंग्ज टॅबवर ‘स्टार्ट मेल मर्ज’मधून ‘लेटर्स’, मग ‘सिलेक्ट रेसिपियंट्स’मधून ती फाइल, मग मजकुरात योग्य जागी ‘इन्सर्ट मर्ज फील्ड’, आणि ‘प्रिव्ह्यू रिझल्ट्स’. इथपर्यंत सगळेच शिकवतात.

नंतरचे कोणी सांगत नाही. एक्सेलमध्ये दिवस-महिना-वर्ष अशी नीट दिसणारी तारीख पत्रात महिना-दिवस-वर्ष होऊन येते आणि दोन दशांशांची रक्कम कधीकधी दशांशानंतर अंकांची लांबलचक शेपटी घेऊन येते. एक्सेलमधले फॉरमॅटिंग वर्डपर्यंत पोचत नाही, पोचतो तो आतला कच्चा आकडा. आल्ट + एफ९ दाबले की फील्डचे मूळ रूप महिरपी कंसांत दिसते. तारखेच्या फील्डमध्ये रकान्याच्या नावानंतर मोकळी जागा सोडून बॅकस्लॅश, ॲटचे चिन्ह आणि अवतरणात दोन डी, तिरकी रेघ, दोन एम, तिरकी रेघ, चार वाय असे लिहावे. यातले एम कॅपिटलच हवेत. स्मॉल एम म्हणजे मिनिटे, आणि मग महिन्याच्या जागी ०० छापून येतात. रकमेसाठी बॅकस्लॅश, हॅशचे चिन्ह आणि अवतरणात शून्य, दशांशबिंदू, दोन शून्ये. पुन्हा आल्ट + एफ९ दाबून मूळ दृश्यात यावे आणि प्रिव्ह्यू एकदा बंद करून सुरू करावा, नाहीतर जुनेच रूप दिसत राहते.

आणखी एक खाच आहे. रकान्यात आकडे आहेत की मजकूर, हे वर्डला माहिती पुरवणारा दुवा साधारणपणे पहिल्या आठ ओळी पाहून ठरवतो. पहिल्या आठ ओळींत क्रमांक नुसत्या आकड्यांचे असतील आणि पुढे कुठेतरी ‘१२अ’ आला, तर ती जागा पत्रात रिकामी किंवा शून्य येऊ शकते. म्हणून यादीच्या अगदी वर एक खोटी नोंद ठेवावी. सर्वांत लांब नाव, सर्वांत लांब पत्ता, अक्षर-अंक मिसळलेला क्रमांक. पत्राची मांडणी कुठे फुटते तेही त्याच नोंदीवर कळते. छपाईच्या वेळी ‘सिलेक्ट रेसिपियंट्स’शेजारच्या ‘एडिट रेसिपियंट लिस्ट’मध्ये तिच्यासमोरची खूण काढून टाकायची. शेवटी थेट प्रिंटरकडे न पाठवता ‘फिनिश अँड मर्ज’मधून ‘एडिट इंडिव्हिज्युअल डॉक्युमेंट्स’ निवडावे, म्हणजे सगळी पत्रे एका नव्या फाइलमध्ये येतात आणि डोळ्यांखालून घालता येतात. त्या फाइलमध्ये प्रत्येक पत्र हा स्वतंत्र सेक्शन असतो. सतरावे पत्र कागद अडकून फाटले, तर प्रिंटच्या ‘पेजेस’ चौकटीत इंग्रजी एस आणि त्याला लागून १७ लिहावे. तेवढेच पत्र पुन्हा निघते.

मेलच्या बाबतीत आउटलुकचा अंदाज पत्त्याच्या चौकटीत असतो. दोन अक्षरे टाइप केली की ते पूर्वीचा पत्ता सुचवते आणि बोट एंटरवर असते. सारख्या नावाच्या दोन व्यक्ती असतील तर गोपनीय कागद भलत्याच्या हाती पडायला एवढे पुरते. नोकरी सोडून गेलेल्यांचे पत्ते त्या सूचनेशेजारच्या फुलीवर क्लिक करून काढून टाकावेत. मेल लिहिण्याचा क्रमही उलटा असावा. आधी जोडपत्र, मग विषय आणि मजकूर, पत्ता सर्वांत शेवटी. पत्ताच नसेल तर अर्धवट मेल चुकूनही जाणार नाही. जुन्या स्वरूपाच्या डेस्कटॉप आउटलुकमध्ये ‘रूल्स’मधून पाठवलेले प्रत्येक मेल काही मिनिटे थांबवून ठेवता येते, कमाल १२० मिनिटे. दोन मिनिटे पुरतात, कारण जोडपत्र विसरल्याचे पहिल्या अर्ध्या मिनिटातच आठवते. जीमेलमध्ये हा अवधी मुळात ५ सेकंदांचा असतो, सेटिंगमध्ये जाऊन तो ३० करावा. ‘रिकॉल’वर भिस्त ठेवू नये. आपल्याच संस्थेच्या सर्व्हरबाहेर गेलेले मेल त्याने परत येत नाही, उलट परत मागवल्याची वर्दी मात्र लागू शकते.

बैठकांच्या मालिकेत मधल्या काही तारखा वेगळ्या वेळी हलवलेल्या असतील आणि नंतर आख्ख्या मालिकेची वेळ बदलली, तर ते वेगळेपण पुसले जाऊ शकते. बदल करण्याआधी तेवढ्या तारखा कागदावर उतरवून घ्याव्यात. परदेशातले लोक असलेल्या बैठकीला वेळेतला फरक तासांत लिहू नये, शहराचा टाइम झोन निवडावा. काही देशांत वर्षातून दोनदा घड्याळ तासाभराने सरकते आणि हाताने केलेला हिशेब त्या आठवड्यात चुकतो.

फाइलला नाव देताना तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने आणि सर्वांत आधी लिहावी, महिना नेहमी दोन अंकी. मग नावांच्या क्रमाने लावले तरी फाइली कालक्रमानेच दिसतात. ‘अंतिम’, ‘अंतिम नवीन’, ‘अंतिम खरी’ ही परंपरा बंद करून आवृत्तीला क्रमांक द्यावा. नावे आटोपशीर असावीत. विंडोजमध्ये बऱ्याच ठिकाणी ड्राइव्हपासून फाइलच्या नावापर्यंतच्या आख्ख्या पत्त्याला सुमारे २६० अक्षरांची मर्यादा आजही आहे. फोल्डरात फोल्डर अशी उतरंड लागली की बॅकअप घेताना काही फाइली कॉपीच होत नाहीत.

कागद बाहेर पाठवताना पीडीएफमधल्या नावावर काळी पट्टी ओढली म्हणजे नाव झाकले गेले, हा समज घातक आहे. पट्टीखालचा मजकूर निवडून कॉपी करता येतो. त्यासाठी ‘रिडॅक्ट’ची, म्हणजे झाकलेला मजकूर कायमचा काढून टाकण्याची, सोय असलेले साधन वापरावे, किंवा पट्टी ओढलेला कागद छापून पुन्हा स्कॅन करावा आणि पट्टीतून अक्षरे झिरपत नाहीत ना हे उजेडात धरून पाहावे. वर्डची फाइल तशीच जाणार असेल तर फाइल, इन्फो, ‘चेक फॉर इश्यूज’मधून ‘इन्स्पेक्ट डॉक्युमेंट’ चालवावे. जुन्या दुरुस्त्या, शेरे आणि लेखकाचे नाव तिथे सापडते. हे नेहमी प्रतीवर करावे, कारण काढलेले सगळेच परत आणता येत नाही.

तरीही यादी छापायचीच असेल तर माझ्या मते एवढे शॉर्टकट पुरेत. विंडोज + व्ही दाबले की कॉपी केलेल्या मागच्या २५ गोष्टी दिसतात. पहिल्यांदा ही सोय चालू करावी लागते. पिन केलेल्या गोष्टी संगणक बंद करून सुरू केला तरी राहतात, म्हणून ठरावीक मजकूर पिन करावा. कॉपी केलेले पासवर्डही तिथे दिसू शकतात, हे मात्र ध्यानात ठेवावे. विंडोज + शिफ्ट + एस ने पडद्याचा हवा तेवढाच भाग टिपता येतो. वर्डमध्ये नवे पान कंट्रोल + एंटरने सुरू करावे, एंटर दहा वेळा दाबून नाही. एक्सेलमध्ये एक नमुना लिहून कंट्रोल + ई दाबले की पूर्ण नावातून आडनावे वेगळी होतात. पण हाही अंदाजच. तीन शब्दांचे नाव आले की तो घसरतो, आणि मूळ नाव बदलले तरी काढलेले आडनाव बदलत नाही. आणि विंडोज + एल, खुर्चीवरून उठताना दर वेळी.

आपला,
कार्यालयीन सहायकांच्या प्रशिक्षणाशी संबंधित एक वाचक